जावांचे कुरण

यातले मी काहीही पाहिलेले नाही. मी सांगणार आहे ते घडले असेलच, तर माझ्या पणजीच्याही जन्माआधी घडले. त्याचा एकही लेखी पुरावा उपलब्ध नाही; मी शोधला आहे. दोन्ही वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आणि त्यांच्या सांगण्यात जिथे मेळ बसला तेवढेच सलग जोडले. जिथे बसला नाही, तिथे तसे सांगेन. मी धाकट्या वस्तीची सून आणि थोरल्या वस्तीची भाची आहे. दोन्हीकडचे लोक माझ्यावर सारखाच अविश्वास ठेवतात, आणि मला वाटते, कुरण समितीचे सचिवपद माझ्याकडे आले ते त्यामुळेच.

तुम्ही आपापल्या गावांच्या समित्यांचे सदस्य आहात, म्हणून आधी काय दिसते ते नीट पाहा. हा मधला ओढा. ओढ्याच्या उत्तरेला ठकूचा माळ, त्याच्या पायथ्याशी थोरली वस्ती. दक्षिणेला राहीचा माळ, त्याच्या पायथ्याशी धाकटी वस्ती. माळ म्हणतात, पण दोन्ही चांगले उभे डोंगर आहेत. प्रत्येक वस्तीच्या कडेला एकेक सपाट खडक आहे. राखणदार त्याच्यावर बसतो तेव्हा त्याच्या वस्तीचा डोंगर त्याच्या पाठीमागे असतो आणि तोंड समोरच्यांच्या डोंगराकडे. आषाढापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कुरण बंद असते. त्या काळात थोरल्या वस्तीची माणसे धाकट्या वस्तीच्या गवताची राखण करतात आणि धाकट्या वस्तीची माणसे थोरल्यांच्या. स्वतःच्या डोंगराची राखण कुणीही करायची नाही.

याचे कारण दोन जावा, असे सांगतात.

सोमाजी नावाचा एक धनगर होता. त्याला दोन मुलगे, थोरला म्हाळू आणि धाकटा बिरू. म्हाळूची बायको ठकूबाई, बिरूची राही. वाटणीच्या दिवशी म्हाताऱ्याने थोरल्या सुनेला आधी निवडायला सांगितले. ठकूबाईने उत्तरेचा डोंगर मागितला, कारण तो मोठा होता. उरलेला राहीला मिळाला.

पहिल्याच हिवाळ्यात ठकूबाईच्या लक्षात आले की तिचे गवत पिवळे पडल्यावरही राहीचा डोंगर महिनाभर हिरवा राहतो. गावात आजही म्हणतात की तो राहीच्या पायगुणाचा प्रताप. प्रत्यक्षात राहीच्या डोंगराचा उतार उत्तरेकडे आहे, त्यामुळे त्याच्यावर ऊन तिरके पडते आणि ओल टिकते. ही गोष्ट गुरे राखणाऱ्या घरातल्या बाईला ठाऊक नव्हती, हे मला पटत नाही. घाईत आठवली नसावी, एवढेच. स्वतः निवडलेल्या वस्तूबद्दल दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. ठकूबाईला हे फार जड गेले. राहीचेही मन स्वस्थ नव्हते. तिला ठकूच्या डोंगराचा आकार सलत होता, ठकूला राहीच्या डोंगराचा रंग.

पुढची चूक त्यातूनच झाली. कापलेल्या गवताची गंजी पायथ्याशी रचतात आणि ती ओढ्यापलीकडून दिसते. आपली गंजी आधी उभी राहावी म्हणून एका वर्षी राहीने त्रिपुरीची वाट न पाहता दिवाळीतच विळा चालवला. पुढच्या वर्षी ठकूबाईने दसऱ्याला चालवला. त्याच्या पुढच्या वर्षी राहीने घट बसायच्या दिवशी, आणि चौथ्या वर्षी ठकूबाईने गौरी उठल्या-उठल्या. गंज्या उंच झाल्या, पण ओल्या गवताच्या असल्यामुळे आतून काळ्या पडून कुजल्या. त्याहून वाईट हे की गवताला बी धरायच्या आत ते कापले गेले. पवन्या आणि मारवेल ही गुरांची आवडती गवते दोन्ही डोंगरांवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी कुसळ माजले. ते गुरांच्या तोंडात रुतते. भुकेली जनावरेही त्यापुढून मान फिरवीत, असे सांगतात. त्या दोन डोंगरांवर साऱ्या गावाची गुरे उन्हाळा काढत असत. म्हणून प्रकरण पंचांपुढे आले.

पंचांनी आधी दोन राखणदार नेमले. राहीने तिच्या राखणदाराला रोज ताक पाजले, ठकूबाईने तिच्या राखणदाराला भाकरी वाढली, आणि दोघेही योग्य वेळी दुसरीकडे पाहू लागले. मग पंचांनी नवऱ्यांनाच राखणीला बसवले. म्हाळू आणि बिरू बायकांच्या आधी विळे परजून उभे राहिले. तिसऱ्या वेळी चावडीवर सगळ्यांना बोलावले गेले. तिथे झालेले बोलणे दोन्ही वस्त्यांत जवळजवळ शब्दशः सारखे सांगतात, म्हणून मीही तसेच सांगते.

ठकूबाई म्हणाली, "तिच्या माळावर कोण कवा गेलं ते मला इचारा. मंगळवारी बिरूभावजी दोनदा. बुधवारी ही सोता, पदराखाली इळा घेऊन. काल हिची आई पाहुणी म्हणून आली न्हवं? जाताना पाहुणी पाठीवर भारा घेऊन गेली."

पंचांतला सर्वांत वयस्क रखमाजी. त्याने विचारले, "आणि तुझ्या माळावर गं, थोरले?"

राही म्हणाली, "त्यांना कशाला तरास? मी सांगते की. जाऊबाई सोमवारी पहाटं, धाकल्या लेकाला घेऊन. पाच भारे. सहावा सुटला म्हणून वाटंतच बसून लेकाला बडवला."

"बडवला न्हाई, नुसता ओरडले."

"हितवर ऐकू आलं ते रडणं कुणाचं मग? बैलाचं?"

चावडी हसली. रखमाजी हसला नाही. तो म्हणाला, "राखणदार धुंडत गावभर हिंडताय कशाला? ह्या दोघी चार वर्सं डोळं न मिटता राखण करत्यात. फकस्त आपापल्या माळाची सोडून."

दोघींना बिरोबाच्या देवळात नेले आणि भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. शपथेचे शब्द दोन्ही वस्त्यांत एकच आहेत: ज्या डोंगराचे गवत मी खाते त्याची राखण मी करणार नाही, ज्याची राखण करते त्याची काडी माझ्या दारात येणार नाही, आणि त्रिपुरीआधी माझ्या डोंगराला माझा विळा लागणार नाही. दोघींनी इतक्या आनंदाने शपथ घेतली की पुजारी चकित झाला, म्हणे. त्यात नवल नव्हते. प्रत्येकीला दुसरीवर नजर ठेवायचा अधिकार मिळाला होता, आणि तोही देवासमोर.

त्यानंतर झाली तशी राखण या गावाने पुन्हा पाहिली नाही. ठकूबाई भाकरीसुद्धा खडकावरच खात असे. ओढ्यापलीकडे हाक जाई, "राही, तुझी काळी शेळी करवंदीच्या आडनं तोंड घालतीया. तीन घास झालं, मोजलेत मी!" आणि उलटी हाक येई, "तुमच्या वासराला दावं बांधा जाऊबाई, ते तुमच्यावानीच हावरं हाय!" तिसऱ्या वर्षी पवन्या परतला. सहाव्या वर्षी दोन्ही डोंगरांवर बी धरलेले गवत वाऱ्यावर डोलत होते आणि आसपासची गावे बघायला येत होती. दोघी एकमेकींना जेवढ्या पाण्यात पाहत, तेवढे गवत दाट होई. हे सांगताना लोक अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमान वाटण्याजोगे काय आहे ते कळत नाही, पण गवत वाढले हे खरे असावे.

मग वणवा आला. त्रिपुरीला दोन दिवस होते. गवत पिकून वाळले होते आणि वारा पूर्वेचा होता. पूर्वेकडच्या खिंडीत, जिथे दोन्ही डोंगर जोडले जातात, तिथे मुक्कामाला थांबलेल्या कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली. दोन्ही डोंगर एकाच दुपारी पेटले.

अशा वेळी करायचे असते ते एकच. आगीच्या पुढे जाऊन ओढ्यापासून माथ्यापर्यंत गवताचा पट्टा कापून काढायचा, म्हणजे आगीला पलीकडे जायला काही उरत नाही. शपथेप्रमाणे ठकूबाईने राहीच्या डोंगरावर पट्टा काढायचा आणि राहीने ठकूबाईच्या. ठकूबाई दोन मुलगे आणि सुना घेऊन ओढा ओलांडून धावली. अर्धा पट्टा झाला तेव्हा थोरल्या मुलाने मागे वळून पाहिले.

"आई, आपला माळ पेटला! माघारी बघ!"

"माघारी बघायला राही हाय."

"ती आलीच न्हाई तर?"

"न्हाई आली तर साऱ्या गावाला कळंल ती कशी हाय ते. तू हात चालव."

थोरल्या वस्तीत हा प्रसंग ठकूबाईच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगतात आणि सांगताना काहींचे डोळे भरतात. मी तिचे शब्द पुन्हापुन्हा तपासले आहेत. त्यात निष्ठा असेलही. पण आपल्या हातून राहीचे गवत जळले असे म्हणायची संधी राहीला मिळू नये, ही इच्छा त्यात निश्चित आहे. संध्याकाळपर्यंत ठकूबाईचा पट्टा माथ्याला भिडला. राहीच्या डोंगराचा पश्चिमेकडचा सगळा भाग, म्हणजे चारांतले तीन हिस्से गवत, वाचला. ठकूबाईचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळा झाला.

राही कुठे होती? धाकट्या वस्तीत सांगतात की ती ठकूच्या माळावर होती, ओढ्यापासून कापत कापत वरच्या धोंड्यापर्यंत पोचली होती, आणि तिथे आग तिला वळसा घालून गेली. थोरल्या वस्तीत सांगतात की ती खालच्या झऱ्यापर्यंतच आली, तिथून आपला डोंगर वाचतो आहे ना हे पाहत उभी राहिली, आणि पाहता पाहता उशीर झाला. दुसऱ्या दिवशी पंच गेले तेव्हा झऱ्यापर्यंत कापलेले खुंट स्पष्ट दिसत होते. त्याच्या वर नुसती राख होती. राहीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, यावर दोन्ही वस्त्यांचे एकमत आहे. तो आगीत भाजला की दुसऱ्या दिवशी गरम राख उपसताना, यावर नाही.

ठकूबाईच्या गुरांना आता पावसाळ्यापर्यंत काडी नव्हती. आठवड्याने राही डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिच्या दारात आली. भाजलेल्या हाताला कडुनिंबाचा पाला बांधलेला होता.

"घ्या जाऊबाई. तुम्हीच वाचवलेलं हाय."

ठकूबाई उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्यामागे गोठ्यात जनावरे वास घेऊन हंबरत होती.

"कुठल्या माळाचं?"

"माझ्या."

"त्याची राखण कोण करतं?"

राहीने भारा उंबऱ्यापाशी टेकवला.

"उचल भारा. आग लागली तवा माझी शपथ मोडली न्हाई, म्हणून आता दारात आणून मोडायची म्हणतीस?"

राहीने भारा उचलला. ती मदत करायला आली होती की जिंकायला, हे तिला स्वतःलाही सांगता आले असते की नाही, मला शंका आहे. त्या माघात ठकूबाईची अठरा जनावरे घाटाखाली नातलगांकडे गेली आणि त्यांतली बहुतेक परत आली नाहीत. म्हाळूही त्यांच्याबरोबर गेला. ठकूबाई गेली नाही. पुढच्या आषाढात ती पुन्हा खडकावर येऊन बसली. आता तिच्या गोठ्यात एक शेपूटही नव्हते. म्हातारपणी तिला दिसेनासे झाले, तेव्हा ती नातीला शेजारी बसवून विचारी, "राहीचं कुणी वर चढतंय का बघ." खडकावरचा खळगा तिच्या बसण्याने पडला असे म्हणतात. तो पाण्याने झिजलेला आहे. असे खळगे या दगडात सगळीकडे आढळतात.

राहीने मरताना आपल्या मुलांना सांगितले, "माझ्या माळावर राखणीला थोरल्या वस्तीचंच माणूस ठेवा. आपलं माणूस ठेवाल तर काडी राहणार न्हाई." याला काही जण पश्चात्ताप म्हणतात.

आजही समिती तशीच आहे. दोन्ही वस्त्यांचे समान सदस्य असतात आणि प्रत्येक बाजू समोरच्या डोंगराचा अहवाल वाचते, ज्यात एकही शेळी सुटत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून पत्र आले होते की प्रत्येक वस्तीने आपापल्या क्षेत्राचे संरक्षण करावे. ग्रामसभेने ते एकमताने नाकारले. या गावात दोन्ही वस्त्यांचे एकमत झाल्याची माझ्या सचिवपदाच्या काळातली ती एकमेव नोंद आहे. गवताचे म्हणाल, तर पवन्याचे प्रमाण मी दर वर्षी मोजते आणि ते उत्तम आहे. हे तुम्ही टिपून घ्या.

आणि आता हेही टिपून घ्या. दर कार्तिकात दोन्ही डोंगरांवर वणव्यासाठी पट्टा कापतात. राहीच्या माळावरचा पट्टा ओढ्यापासून माथ्यापर्यंत सलग असतो. ठकूच्या माळावर धाकट्या वस्तीची माणसे ओढ्यापासून झऱ्यापर्यंत कापतात, मग विळे खांद्याला लावून धोंड्यापर्यंत चालत जातात, आणि धोंड्यापासून माथ्यापर्यंत पुन्हा कापतात. मधला भाग त्यांनी कापायचा, तर थोरली वस्ती म्हणते, राही इथवर आली नव्हती असे आधी लिहून द्या, मग विळा लावा. ते लिहून देत नाहीत. थोरल्या वस्तीने स्वतः कापायचा, तर त्रिपुरीआधी आपल्या डोंगराला विळा लावायचा नाही ही शपथ आड येते. समितीच्या प्रत्येक वार्षिक बैठकीत हा पहिला विषय असतो. या वर्षीही तो पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

झरा ते धोंडा हे अंतर मी फीत लावून मोजले आहे. ते एकशे बारा मीटर आहे. आज कार्तिक शुद्ध दशमी, वारा पूर्वेचा आहे, आणि तिथे कमरेइतके वाळलेले गवत उभे आहे.