अळूच्या पानाचं पोस्टर

त्या राज्यात मत द्यायची एकच रीत होती. ज्यावर मत द्यायचं, त्याच्यावरून सरपटत जायचं. राज्य गोगलगायींचं, त्यामुळे प्रत्येक मतामागे चिकटा उरायचा. त्याला तिथे मार्गदर्शन म्हणत. ज्याचा शंख मोठा त्याचा चिकटा जास्त, आणि ज्याचा चिकटा जास्त त्याला मान. शंख वयाबरोबर आपोआप फुगतो, त्यासाठी काडीचंही काम करावं लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

बांधाआड एक ओली भिंत होती. कलाशाळेतली पोरं तिच्यावरचं शेवाळ खरवडून चित्रं काढायची. पण ऊन तापलं की शेवाळ भिंत सोडायचं आणि वर्षाचं काम मातीत जायचं. ओढ्याकाठच्या मुंगळ्यांकडे मात्र बारमाही ओले दगड होते, आणि त्यांवर चित्रं काढणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. म्हणून यंदा पोरांनी ठरवलं, प्रदर्शन भरवायचं आणि मुंगळ्यांना बोलवायचं. त्यांना काम आवडलं तर ही भिंत, ही शाळा, सगळ्यातून सुटका.

पोस्टरचं काम टिकलीकडे आलं. बांधाला एकच खिंडार होतं, भिंतीकडे जायची वाट तेवढीच. त्या खिंडाराशेजारी अळू माजलेलं होतं. टिकलीने त्यातलं सगळ्यात रुंद पान निवडलं आणि त्यात बारीक भोकांची एकच वळणदार रेघ कुरतडली. सकाळचं ऊन पानातून आलं की वाटेवर उजेडाचे ठिपके पडायचे, खिंडारातून थेट भिंतीकडे जाणारे. बाकी पान कोरं. तिच्या वर्गातला बोदल्या ते बघून म्हणाला, "टिकले, यासाठी मुंगळेसुद्धा रांग मोडतील."

पण थोरांच्या मंजुरीशिवाय निमंत्रण जात नसे.

शाळेचे प्रमुख आबासाहेब आले. भिंतीला आपण शेवटचं तोंड कधी लावलं, हे त्यांनाही आठवत नव्हतं. छान आहे म्हणाले, पण जरा रिकामं रिकामं वाटतंय. मग पानावरून गेले. अर्धी भोकं चिकट्याने बुजली. रसग्रहण शिकवणाऱ्या माईसाहेबांना पानावर थोरांचे आशीर्वाद कुठे दिसेनात. वर मधोमध आबासाहेबांचा शंख हवा, तोही अंगाच्या मापाचा, असं सुचवून त्याही गेल्या, अर्थात पानावरूनच. टिकलीने शंखाच्या आकाराचं भोक पाडलं. शिस्त बघणाऱ्या नानांचं म्हणणं पडलं की आपला शंख आबासाहेबांपेक्षा लहान चालेल, पण माईसाहेबांपेक्षा तसूभरही नको. म्हणजे माईसाहेबांचाही आला. मग शाळेचं तोंड न पाहिलेले थोर आले. प्रत्येक जण आपलं भोक नीट पडलंय का ते बघायला यायचा आणि बघून झालं की त्यावरून जायचा. थरावर थर वाळले. पान पिवळट, बुळबुळीत झालं, त्याला कुबट वास सुटला, वर माश्या घोंगावू लागल्या. आता कशी चकाकी आली, असं थोरांचं एकमत झालं.

तिकडे ऊन चढत होतं. भिंतीच्या वरच्या कडेचं शेवाळ करपलं, तेव्हा टिकली आबासाहेबांकडे गेली.

"आबासाहेब, निमंत्रण आज गेलं नाही तर दाखवायला काही उरणार नाही."

आबासाहेबांनी डोळे आत ओढून घेतले. दुसऱ्याचं ऐकताना ते तसंच करत. "बाळ, घाई हा तुमच्या पिढीचा रोग आहे. आम्ही तर प्रदर्शन न भरवताच एवढे मोठे झालो. बरं, आमचे जावई कुठे दिसत नाहीत पानावर?"

"त्यांनी कधी शेवाळ खरवडलंय का?"

"घरचे आहेत ते," माईसाहेब म्हणाल्या, आणि विषय संपला.

टिकलीच्या रेघेचं तेवढं एक टोक उरलं होतं. ते जावयांच्या भोकात गेलं, आणि निमंत्रणही गेलं.

मुंगळे आले, रांगेनेच. पाहुणे दिसताच थोरांची धांदल उडाली. एकमेकांना शंखाने ढकलत ते देठावरून वर चढले आणि आपापल्या भोकावर जाऊन बसले. मापं अचूक होती. देठ वाकला, पान खाली आलं आणि खिंडारावर झाकणासारखं घट्ट बसलं. बाहेर आबासाहेबांचं मनोगत सुरू झालं. मुंगळ्यांच्या म्होरक्याने मध्येच अदबीने विचारलं, प्रदर्शन कोणत्या बाजूला आहे.

"बघताय की," नाना म्हणाले.

आत भिंतीपाशी पोरं गोळा झाली होती. आधी बोदल्याचं चित्र निसटलं, मग टिकलीचं. वाळका हिरवा चुरा त्यांच्या अंगावर पडत राहिला. बाहेर पडायची एकच वाट होती, तिकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. पानाच्या भोकाभोकातून एकेक फिकट, ओलं पोट आत फुगून आलं होतं, ज्येष्ठतेच्या क्रमाने. कोपऱ्यातलं एक भोक मात्र मोकळं होतं. ते घरच्यांच्या आग्रहाखातर पाडलेलं, गेल्या पावसाळ्यात वारलेल्या एका थोरांचं. तेवढ्यातून ऊन येत होतं.