कातरलेले दहा राजे

"जिवबा, उद्या उजाडायच्या आत वेशीबाहेर हो! पुन्हा या मुलखात दिसलास तर याद राख!"

भानाजीराव महाराज असे कडाडले की पिंजऱ्यातला पोपटसुद्धा गप्प झाला. कारणही तसंच होतं म्हणा! आजोबांच्या वेळचा गंजिफांचा संच म्हणजे महाराजांचा जीव की प्राण. गोल गोल, लाखेनं चकाकणारी हातरंगी पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचा एक राजा, त्या रंगातलं सगळ्यांत भारी पान. आणि आज पानं पुसताना महाराजांच्या लक्षात आलं, की दहाच्या दहा राजे कुणीतरी कडेनं कातरलेत! अगदी केसभर. नुसतं बघून कळायचं नाही, पण बोटाला लागायचं.

पेटी सांभाळायचं काम जिवबा चिताऱ्याचं. बिचारा हात जोडून उभा. वाटीतला रंग पोचवायला आलेली त्याची लेक आवडी मात्र पुढे झाली.

"महाराज, बाबा कशाला कातरतील? ते खेळतात कुठे? लहान पानाचा फायदा खेळणाऱ्याला!"

मुद्दा बिनतोड होता. त्या वाड्यात पानं वाटायची रीतच नव्हती. चादरीवर पालथी पसरायची, पिसायची आणि ज्यानं त्यानं हात फिरवून एकेक उचलायचं आणि सगळी संपेपर्यंत आपल्यापुढे पालथंच ठेवायचं. खेळणारे तिघे: महाराज, रत्नोजी सावकार आणि किल्लेदार. पेटी सणासुदीला दोघांच्याही घरी जाऊन आलेली. आणि अलीकडे महाराज सारखे हरत होते. आवडता घोडा गेला, आंब्याची बाग गेली. राणीसाहेबांचा चंदनी झोपाळा सावकारांच्या ओसरीवर गेला, तेव्हापासून तर राणीसाहेबांनी अबोला धरला होता!

पण महाराज म्हणजे हट्टी माणूस! "माझ्या ताटात जेवलेली माणसं आहेत ती! पुराव्याशिवाय नाव घेतलंस तर बापाबरोबर तुझीही रवानगी!"

"आणि पुरावा दिला तर?"

"दे की! पण आजोबांच्या पानांना बोट लावायचं नाही. त्या दोघांना काही विचारायचं नाही. आणि आजचा डाव सुरू होताच चोर माझ्यासमोर पाहिजे!"

जिवबानं कपाळाला हात लावला. आवडी म्हणाली, "चालेल. फक्त महाराजांनी कुठे ब्र काढू नये. आणि आजोबांच्या संचाची पेटी रिकामी करून माझ्याकडे द्यावी."

पेटी काखोटीला मारून पोरगी तडक राणीसाहेबांकडे गेली. आत काय खलबत झालं कोण जाणे, पण राणीसाहेब खूप दिवसांनी खळखळून हसल्याचं दासींनी ऐकलं.

संध्याकाळी चादर पसरली. पेटीतली पानं पालथी पडली. रत्नोजी सावकारांनी बाह्या सारल्या, डोळे मिटून हात फिरवायला सुरुवात केली. एकेक पान उचलताना स्वारी गालातल्या गालात हसत होती. किल्लेदार बापडे हाताला येईल ते उचलत होते.

"चला, मत्स्याचा राजा कुणाकडे?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच ओरडले, "अरेच्चा, माझ्याकडेच की!"

"वराहाचा माझ्याकडे!" किल्लेदार हरखले.

सावकारांनी घाईघाईनं आपली पानं उलटी केली. पुन्हा पाहिली. चेहरा पार उतरला.

"छे! असं कसं होईल? लहान पान म्हणजे राजाच..."

आणि त्यांनी जीभ चावली!

"लहान पान?" महाराज सावकाश म्हणाले. "रत्नोजी, आमची पानं लहानमोठी आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

खांबाआडून आवडी पुढे आली. "महाराज, सावकारांची पानं चादरीवर मांडा. प्रत्येक रंगातलं सगळ्यांत हलकं पान त्यांच्याकडेच निघेल!"

मांडली. निघालं! दहाच्या दहा!

"ही काय जादू गं?"

"जादू कसली! हा राणीसाहेबांचा संच. बाबांनीच रंगवलेला, तेच माप, तशीच पाठ. राणीसाहेबांच्या परवानगीनं मी यातली दहा हलकी पानं केसभर कातरली. आजोबांच्या पानांना बोट लावलं नाही, या दोघांना काही विचारलं नाही. सावकारांच्या बोटांनी आपणहून साक्ष दिली!"

महाराज आधी लालबुंद झाले. मग सावकारांपुढची ती रडकी पानं बघून त्यांना असं हसू फुटलं की पगडी चादरीवर पडली. किल्लेदारही पोट धरून हसले.

रात्र पडायच्या आत घोडा तबेल्यात आला, झोपाळा राणीसाहेबांच्या महालात टांगला गेला. रत्नोजी वेशीबाहेर गेले, तेही पायी. जिवबाला दहा नवे राजे रंगवायचं काम आणि खांद्यावर शाल मिळाली.

"आणि तुला ती आंब्याची बाग, पोरी!" महाराज म्हणाले. "शिवाय आमचा तिसरा खेळगडी गेला, त्याच्या जागी उद्यापासून तू बस!"

"बसते की!"

"बस. पण येताना," महाराजांना पुन्हा हसू आवरेना, "ती कातर तेवढी घरी ठेवून ये हो!"