दोन खोगिरांचा चेंडू

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, नदीकाठच्या उतारावर एल्डरबर्न नावाचं गाव आहे. गावाच्या बरोबर मध्यावर कमरेएवढा एक दगड आहे. दगडाच्या वरच्या अंगाला राहतात ते वरगावकर, खालच्या अंगाला राहतात ते खालगावकर. दर फेब्रुवारीत एकदा दोन्हीकडची माणसं इथे जमतात आणि एका चामडी चेंडूसाठी दिवसभर झोंबतात. दुकानदार आदल्या दिवशीच काचांवर फळ्या ठोकून घेतात. चेंडू अर्धा काळा, अर्धा तांबूस असतो. तो उडवायचा मान गावात सगळ्यांत शेवटी आलेल्या नव्या नवरीचा. यंदा ती मी.

आम्ही दगडाशेजारच्या घरात भाड्याने राहतो. परवा प्रिंगल आजोबा आले. जन्मभर मेंढरं राखलेले आणि तरुणपणी रग्बी खेळलेले. खेळात चेंगरून सुजलेल्या एका कानाकडे बघून ते कळतं. मी खेळाचे नियम विचारले.

"नियम नाहीत, पोरी," ते म्हणाले. "गोष्ट आहे."

फार पूर्वी गुरं पळवणं हा इथला मुख्य धंदा होता म्हणे. सीमेपलीकडची मिळाली तर उत्तम, नाहीतर शेजाऱ्याची. मारियन नावाची वरगावची मुलगी लग्न होऊन खालगावात आली आणि आठवड्याभरात तिच्या बापाचा वळू तिच्या सासऱ्याच्या गोठ्यात सापडला. बाप म्हणाला, चोरला. सासरा म्हणाला, हुंड्यात आला. वळू दोन्हीकडे सारखाच चरत होता. त्याचं मत कुणी विचारलं नाही. सकाळी दगडापाशी तलवारींनी निकाल लावायचा ठरला. एका बाजूला मारियनचे भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा. कुणीही जिंकलं तरी रडायचं तिनेच.

तिने वाद घातला नाही. माहेरी जाऊन बापाचं काळं खोगीर उचलून आणलं, सासऱ्याचं तांबूस खोगीर खुंटीवरून काढलं आणि दोन्ही कापली. खोगिरावर त्या काळी माणसाची सगळी ऐट असायची. चामड्याचे तुकडे एकत्र शिवून तिने आत लोकर कोंबली. सकाळी दगडावर चढून ती म्हणाली, असं सांगतात, "दोघांची खोगिरं यात आहेत. जो घरी नेईल, वळू त्याचा." आणि चेंडू वर फेकला.

चेंडू धरायला दोन हात लागतात. तलवारी दगडाला टेकवून ठेवाव्या लागल्या. मग जी झटापट झाली, ती थेट नदीत गेली. दिवस मावळला तेव्हा चेंडू बंधाऱ्यात अडकलेला होता आणि दोन्ही घरची माणसं छातीभर बर्फगार पाण्यात उभी होती. काहींचे दात पडले, एका काकाची बरगडी मोडली, पण मेलं कुणी नाही. तलवारी घ्यायला परत आले तेव्हा हात इतके गारठले होते, की मूठ धरवेना. वळूला बांधायचं राहूनच गेलं होतं. तो इंग्लंडच्या दिशेने निघून गेला.

"आणि मारियन?"

"बापाने दार लावलं. सासऱ्यानेही लावलं. खोगीर कापणारी घरात कोण घेईल? ती दगडाशेजारी झोपडी बांधून राहिली."

"नवरा आला ना तिच्याकडे?"

"आला."

"लगेच?"

"हिवाळा संपल्यावर," आजोबा म्हणाले. "तोही इथलाच ना. रागावला होता."

आजही गावात नवा माणूस आला, की पहिल्यांदा कुठल्या बाजूने शिरला ते बघून त्याची बाजू ठरते. माझा नवरा खालच्या स्टॉपवर बसमधून उतरला, म्हणून तो खालगावकर; त्याला कुणीतरी जुनी जर्सीही आणून दिली आहे. मी त्याच बसमधून उतरले होते. मला मात्र कुणी बाजू विचारत नाही. आजही खेळाच्या दिवशी मारियनच्या जागेवरच्या या घराचं दार उघडं ठेवतात आणि नदीतून आलेली दोन्हीकडची माणसं आत येऊन एकाच शेगडीवर हात शेकतात.

मी चहाचं मोठं पातेलं काढून ठेवलं आहे.