तिसरा टोल

फार पूर्वी एका नदीच्या एका काठावर एक गाव होतं आणि समोरच्या काठावर एक छोटी वाडी. शाळा अर्थातच गावात. वाडीतली सहा मुलं रोज सकाळी नावेत बसून शाळेला जायची आणि संध्याकाळी दप्तरं भिजवून परत यायची. नावेला दोन्ही काठांवर दोर बांधलेला होता, तो ओढला की नाव यायची-जायची.

त्या वाडीत बांबूच्या टोपल्या विणणारी एक बाई होती. सगळे तिला टोपलीवालीच म्हणायचे. तिला एकच लेक, सगुणा. पोर दुसरीत होती आणि आईचं सगळं जग तेवढंच होतं.

एके दिवशी भर दुपारी दवंडी आली. "ऐका हो ऐका! मुलखात साथ आली आहे! या घटकेपासून ज्यानं त्यानं आहे तिथंच राहावं. नाव बंद!"

नावाड्यानं हुकमाप्रमाणे नाव बांधून टाकली. वाडीतली सहा पोरं पलीकडे पाढे म्हणत बसली आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

टोपलीवाली धावत काठावर गेली. पलीकडे शाळेचं कौलारू छप्पर तेवढं दिसत होतं. ती पाण्यात शिरणार तोच पहारेकऱ्यानं तिला अडवलं.

"माये, ही साथ पाण्यातनं पोहत जात न्हाई, माणसाच्या अंगावर बसून जाती. तू गेलीस तर पोरीसाठी काय घेऊन जाशील, सांग बरं?"

ती मागे फिरली. पण घास काही तिच्या घशाखाली उतरेना.

माणसं जाऊ शकत नव्हती, तरी दर गुरुवारी रिकाम्या नावेत शिध्याची टोपली ठेवून ती दोरानं पलीकडे ओढायची परवानगी मिळाली. पहिल्या गुरुवारी टोपली परत आली तेव्हा तिच्यात शाळेच्या बाईंची चिठ्ठी होती.

'मुलं शाळेतच आहेत, माझ्याजवळ आहेत. रोज संध्याकाळी मी हजेरी घेईन. जे मूल ठणठणीत असेल त्याच्यासाठी एक टोल देईन, हजेरीच्या क्रमानं. ज्याला बरं नसेल त्याच्या जागी टोल पडणार नाही. कान देऊन ऐका.'

सगुणाचा नंबर हजेरीत तिसरा होता.

त्या संध्याकाळी सहा घरांतली माणसं काठावर अंतर ठेवून उभी राहिली. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! टोपलीवालीनं डोळे पुसले. पुढचे तीन टोल तिनं शेजाऱ्यांसाठी ऐकले.

मग रोजचं तेच झालं. तिच्या हातातल्या बांबूच्या कामट्या हजेरीच्या वेळी थांबायच्या आणि तिसरा टोल पडला की पुन्हा चालू व्हायच्या.

पण शेजारीण मोठी संशयी होती. तिचा मुलगा हजेरीत पाचवा, आणि व्रात्यपणात पहिला. ती म्हणाली, "अगं, तू बी भोळीच हैस. काय बी झालं तरी त्या बाई सहाच टोल ठोकणार बघ. शाळेला बट्टा कोण लावून घेईल? दुखणंखुपणं कळवायला त्यांचं डोकं फिरलंय व्हय?"

हे बोलणं टोपलीवालीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. खरंच की! सहा टोल तर कुणीही देईल. टोल रोज सहाच पडत होते, पण त्या दिवसापासून तिला झोप काही लागत नव्हती.

असे वीस दिवस गेले. एका बुधवारी संध्याकाळी टोल सुरू झाले. ठण्ण! ठण्ण!

आणि मग काहीच नाही. नदीचं पाणी तेवढं वाजत होतं. एका टोलाइतकी जागा सरली आणि पुढचे तीन टोल पडले.

टोपलीवालीला रडूच कोसळलं. "असली बातमी कशाला कळवली गं बाई!" ती पलीकडे पाहून ओरडली. रागाच्या भरात ती शाळेला आणि बाईंना नाही नाही ते बोलली.

रडता रडता तिला एकदम आठवलं. पोर तापली की गावात काढा देतात, आणि काढा कडू लागू नये म्हणून त्यात मध घालतात. सगुणाला तर मध मुळीच सोसत नव्हता! एकदा बोटभर चाटला होता, तर अंगभर गांधी उठून तिचा श्वास कोंडला होता. हे आईशिवाय कुणाला ठाऊक असणार?

दुसरा दिवस गुरुवारचा होता. उजाडायच्या आत तिनं चिठ्ठी लिहिली. अक्षर वेडंवाकडं होतं, पण मोठं होतं. 'सगुणाला मध देऊ नका.' चिठ्ठी तिनं टोपलीच्या कडीला बांधली, शिध्याच्या वर, पहिल्यांदा हाताला लागेल अशी.

त्या संध्याकाळी तिसरा टोल पडला नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी ती काठावर गेलीच नाही, दारातच कान झाकून बसली.

शेजारीण मात्र धावत आली. "अगं, कान काय झाकतीस? सहा पडले, सहा! मी मोजलेत!"

आता ते सहा टोल खरे आहेत का, असं वाडीत कुणीच विचारलं नाही. त्या दिवशी टोपलीवाली पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पुढे साथ ओसरली, नाव सुटली. सहाही घरची माणसं पलीकडे गेली. सगुणा आईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, सोडायला तयार नाही.

शाळेचे म्हातारे गुरुजी खाली मान घालून टोपलीवालीला म्हणाले, "मी चुकलो होतो. मी बाईंना म्हटलं होतं, सहाच टोल द्या, आयांच्या जिवाला उगाच घोर कशाला? मध घालून काढ्याची वाटी तयार होती हो. तेवढ्यात तुमची टोपली आली."

टोपलीवालीनं बाईंचे पाय धरले. "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला फार वाईट बोलले. पण तो एक टोल तुम्ही खोटा दिला नाहीत म्हणून माझी लेक वाचली. आणि त्यानंतरच्या प्रत्येक टोलावर मला झोप लागली. हे उपकार मी कसे फेडू?"

बाईंनी तिला उठवलं. त्यांचेही डोळे भरले होते. "उपकार कसले? तो टोल न देणं किती जड गेलं, माझं मला ठाऊक. पण तुम्ही रोज काठावर येऊन ऐकत होता, म्हणून धीर होता. चला, आज शेवटची हजेरी घेऊ."

बाईंनी दोन टोल दिले आणि हातोडी टोपलीवालीच्या हातात ठेवली.

"सगुणा?"

"हजर, बाई!"

आणि आईनं असा टोल दिला, की नदीपलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जो वाईट बातमी लपवत नाही, त्याच्याच चांगल्या बातमीवर माणूस निर्धास्त झोपतो.