आहेराचा बाजार

गावाएवढंच एक राज्य होतं. नाव सोनतळ. राज्य लहान असलं तरी राजा अस्सल होता. त्यांचं नाव उदाजीराजे. मनाने मोठे, स्वभावाने गरीब आणि निर्णय घ्यायची वेळ आली की गोगलगाय. त्यांची अडचण एकच होती. त्यांना सगळ्यांचंच म्हणणं पटायचं. जो शेवटी बोलेल त्याचं जरा जास्त पटायचं. त्यामुळे दरबारातली हुशार माणसं आधी तोंड उघडायचीच नाहीत.

सोनतळच्या वरच्या अंगाला एक मोठा तलाव होता. तलावाला मातीचा बांध होता आणि बांधाच्या पायथ्याशी भोईआळी होती. भोई तलावात मासे धरत, शिंगाडे काढत आणि त्यावर पोट भरत. त्या वर्षी उन्हाळ्यात बांधाला पाझर फुटला. भोईआळीतल्या घरांची जमीन ओली राहू लागली. पावसाळ्याआधी बांध दुरुस्त झाला नाही तर सगळी आळी वाहून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुरुस्तीला पैसा हवा होता आणि खजिन्यात नुसते उंदीर होते.

खजिना रिकामा का, हे महाराजांना कळेना. कर तर दरवर्षी घेतला जात होता. सुगी संपली की सरकारी कारकून घरोघर जाऊन विचारायचा, यंदा किती मिळवलंत? जो जेवढं सांगेल त्याचा दहावा हिस्सा त्याने द्यायचा. पद्धत सरळ होती. माणसं तेवढी सरळ नव्हती.

म्हणून यंदा महाराज स्वतः कारकुनाबरोबर निघाले. पहिलंच घर रंगनाथशेठचं. शेठ म्हणजे बाजारातले सगळ्यात मोठे धान्याचे व्यापारी. दार उघडलं तर समोर शेठ उभे, अंगात फाटकी बंडी, धोतराला ठिगळं, खांद्यावर जाळी झालेलं उपरणं. यंदा काहीच मिळालं नाही, असं ते रडवेल्या आवाजात म्हणाले. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. कर तर त्यांनी माफ केलाच, वर अंगावरची शालही शेठना दिली. शेठनी ती डोळ्यांना लावून घेतली आणि पटकन आत नेऊन ठेवली.

पुढच्या घरी तोच प्रकार. त्याच्या पुढच्या घरीही तोच. दुपारपर्यंत महाराजांच्या अंगावर द्यायला काही उरलं नाही.

संध्याकाळी दिवाण भास्करपंतांनी त्यांना सगळी हकिकत सांगितली. सोनतळमध्ये म्हणे प्रत्येक सुखवस्तू घरात कराचे कपडे असतात. ते वर्षातून एकदाच काढायचे. बाळाप्पा शिंपी ते नव्या कापडाचे शिवतो आणि मग फाडून देतो. साध्या सदऱ्यापेक्षा फाटक्या सदऱ्याची शिलाई जास्त, कारण खरं वाटेल असं फाडायला हात बसलेला लागतो. रंगनाथशेठची बंडी ही तर बाळाप्पाची सगळ्यात महागडी कामगिरी होती.

म्हणजे जो जास्त फाटका तो जास्त श्रीमंत, असं महाराजांनी मनाशी म्हणून पाहिलं. मग खरोखरचा गरीब ओळखायचा कसा, हे त्यांना सुचेना. त्यांचं डोकं दुखायला लागलं.

तेव्हा दिवाणांनी उपाय काढला. मिळकतीवरचा कर बंदच करून टाकावा. कोणी काय मिळवलं ते विचारायचंच नाही. बाजारात जो जे विकत घेईल, त्यावर त्याने तिथल्या तिथे कर भरावा.

"मिळकत लपवता येते, महाराज," दिवाण म्हणाले. "पोट लपवता येत नाही."

महाराजांना हे एकदम पटलं. पण राणी मैनाबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "धनगराच्या घरी सहा पोरं. तो मिळवतो तेवढं सगळं बाजारात घालवतो. शेठजी मिळवतात त्यातलं ओंजळभर खर्च करतात. मग कर जास्त कोणाच्या पोटावर बसेल?"

महाराजांना हेही पटलं. ते एकदा दिवाणांकडे बघायचे, एकदा राणीकडे. दोघंही बरोबर असतील तर चूक कोण, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात राणीसाहेबांची पूजेची वेळ झाली आणि त्या उठून गेल्या. मागे दिवाणच उरले, म्हणून शेवटचं बोलणं त्यांचं झालं आणि तोच कायदा झाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. मिळकतीवरचा कर रद्द. यापुढे जो विकत घेईल तो कर भरेल. प्रत्येक दुकानापुढे एक सरकारी पेटी आली आणि पेटीजवळ एक शिपाई.

सोनतळमध्ये आनंदीआनंद झाला. बाळाप्पाचा धंदा बसला खरा, पण बाकी सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून हिंडू लागले. महाराज गच्चीतून पाहत आणि म्हणत, बघता बघता राज्य श्रीमंत झालं.

महिना गेला. दिवाण तोंड पाडून आले. पेट्यांमध्ये जेमतेम मूठभर नाणी जमली होती. सोनतळमध्ये कोणी काही विकत घेतच नाही, असं शिपाई सांगत होते.

"मग खातात काय?" महाराजांनी विचारलं.

महाराजांना रात्रभर झोप लागली नाही. गावातलं प्रत्येक माणूस चांगलं गुटगुटीत दिसत होतं. उपाशी माणसं गुटगुटीत कशी दिसतील? सकाळी उठून ते दिवाणांना घेऊन तडक बाजारात गेले.

बाजारात पाऊल टाकलं आणि महाराज जागीच थांबले. प्रत्येक दुकानात तबक होतं. तबकात कुंकू, अक्षता आणि नारळ. दुकानदार गिऱ्हाइकाच्या कपाळाला टिळा लावत होता, हातात नारळ देत होता आणि वर तांदळाचं पोतं देत होता. गिऱ्हाईक पोतं खाली ठेवून दुकानदाराला टिळा लावत होतं आणि त्याच्या हातात नाण्यांची पुरचुंडी देत होतं. मग दोघं एकमेकांना कडकडून भेटत होते. पेटीजवळचा शिपाई डोकं खाजवत उभा होता.

महाराजांना वाटलं, गावात लग्न आहे आणि आपल्यालाच बोलावणं नाही. ते रंगनाथशेठच्या दुकानात गेले आणि समोरचा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, हे आमचे व्याही. त्याच्या मागचा? तेही व्याही. आणि त्यांच्यामागे ती सगळी रांग? सगळे व्याहीच. आम्ही विकत काही देत नाही हो, आहेर करतोय. त्यांनी दिला तो परतीचा आहेर. आहेरावर कर लावायचा असं दवंडीत कुठं होतं?

"पण लग्न कोणाचं?" महाराजांनी विचारलं.

"लग्न अजून ठरायचंय, महाराज," शेठ म्हणाले. "आहेर तेवढा आधी उरकून घेतोय."

असा तो प्रकार होता. कोणा एकाचे खरेच व्याही एकदा पोतं न्यायला आले होते आणि तिथून ही शक्कल निघाली. आठवड्याभरात सगळा बाजार एकमेकांचा व्याही झाला. नारळ फुटत नव्हता. एकच नारळ दिवसभर सगळ्या बाजारातून फिरून पुन्हा आपल्या दुकानात येई. एक गोष्ट मात्र अडचणीची होती. आहेरात आलेल्या डाळीत खडे निघाले तरी तक्रार कशी करणार? आहेराला नावं ठेवायची पद्धत नाही. तेव्हा शेठच्या डाळीत खडे जरा वाढले होते.

महाराजांना हसावं की रागवावं हेच कळेना. फाटक्या कपड्यांत सगळे भिकारी होते. आता नव्या कपड्यांत सगळे सोयरे झाले. खजिना दोन्ही वेळा रिकामाच. कर बदलला आणि बदललं काय, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दुकानाच्या कडेला त्यांना एक बाई दिसली. भोईआळीतली सगुणा. तिच्यापुढे तबक नव्हतं की नारळ नव्हता. शेठच्या नोकराने तिच्या भांड्यात तेल ओतलं, पदरात मीठ टाकलं आणि पैसे घेतले. मग ती पेटीजवळ गेली आणि कराचं नाणं आत टाकलं. महाराजांना भरून आलं. अख्ख्या बाजारात एक तरी माणूस कायद्याने वागणारं निघालं. ते तिच्यापाशी गेले आणि म्हणाले की सोनतळमध्ये तूच एक प्रामाणिक आहेस.

सगुणाने पदर सावरला.

"म्या कसली परामाणिक, महाराज," ती म्हणाली. "आहेर घ्यायला सोयरीक लागती. भोईआळीसंगं सोयरीक कोन करतंय?"

महाराजांनी शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, या पेटीत आजवर आणखी कोणी पैसे टाकले? शिपायाने आठवून आठवून नावं सांगितली. सगळी भोईआळीतलीच होती. ज्यांच्या डोक्यावर बांध गळत होता, बांधाचे पैसे तेवढे तेच भरत होते. राज्यात सगळ्यांना कर चुकवता येतो आणि ज्याला कोणी आपला म्हणत नाही त्यालाच चुकवता येत नाही, असला कसला कायदा आपण केला, असं महाराजांना वाटलं.

रंगनाथशेठनी महाराजांचा चेहरा पाहिला आणि लगबगीने तबक पुढे केलं. त्यात बासमतीची पिशवी होती, गुळाची ढेप होती, जरीचा खण होता.

"सरकार तर आमचे सगळ्यात थोरले सोयरे," ते म्हणाले.

महाराजांचा हात सवयीने पुढे झाला. तबकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

कारण तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. वाड्यात भात शिजत होता, पण महाराजांनी तांदूळ कधी विकत घेतला नव्हता. तूप, साखर, राणीसाहेबांची लुगडी, सगळं नजराणा म्हणून येत होतं. मिळकतीवर कर होता तेव्हा कारकून वाड्याचं दार ओलांडून कधी आत आला नव्हता. खरेदीवर कर आला तेव्हा वाडा खरेदीच करत नव्हता. कर न देता सगळं घेण्याची रीत बाजाराने दुसऱ्या कोणाकडून नाही, वाड्याकडूनच उचलली होती. महाराजांना लाज वाटली. इतकी की मान वर करवेना.

"शेठ, तांदळाचा भाव सांगा," ते म्हणाले.

शेठना भाव आठवेना. महिनाभर त्यांनी तो उघडपणे कोणाला सांगितलाच नव्हता. मग त्यांनी चाचरत सांगितला. महाराजांनी कमरेला हात लावला, तर तिथे पैशाचा बटवाही नव्हता. दिवाणांकडे पाहिलं, तर त्यांच्याकडेही नव्हता. सगळा बाजार बघत होता. महाराजांनी कानातली मोत्यांची भिकबाळी काढली आणि शेठच्या हातावर ठेवली.

"किंमत कापून घ्या," ते म्हणाले. "उरलेलं पेटीत टाका. मी आजवर भरलं नाही ते त्यात धरा."

तांदळाची पिशवी त्यांनी स्वतःच काखेत मारली आणि ते चालत वाड्यावर गेले. मागून कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज चावडीत येऊन बसले. गादीवर नाही, खाली जाजमावर, जिथे गावकरी बसतात तिथे. मिळकतीवरचा कर रद्द झाला होता, तरी कारकुनाला त्यांनी सांगितलं, तुझा जुना प्रश्न मला विचार. कारकुनाची बोबडी वळली. शेवटी त्याने विचारलं, यंदा किती मिळवलंत? वाड्यात आलेला प्रत्येक नजराणा महाराजांनी मोठ्याने सांगितला. त्याचा दहावा हिस्सा दिला. वाड्यात जे येईल ते आजपासून विकत येईल आणि त्यावरचा करही वाडा भरेल, असंही सांगितलं. मग ते उठून बाजूला बसले आणि वाट पाहू लागले.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग धनगर आला. मग सोनार आला. बाळाप्पा शिंपी आला आणि फाटक्या कपड्यांच्या शिलाईचे पैसे खरेखुरे सांगून सगळ्यांना हसवून गेला. रंगनाथशेठ दिवस मावळताना आले, चांगल्या कपड्यांत. त्यांनी सगळं खरं सांगितलं असं नाही. पण रिकाम्या कानाचा राजा समोर बसलेला असताना अगदीच खोटं त्यांच्या तोंडून निघेना.

पैसा जमला. बांधाला पुरेल इतका नाही, थोडा कमी. उरलेलं काम लोकांनी टोपल्या उचलून केलं. पावसाळा आला, तलाव काठोकाठ भरला. बांध टिकला. भोईआळीत पोरं कोरड्या जमिनीवर झोपली.

पाऊस संपल्यावर दिवाण पुन्हा हजर झाले. पुढच्या वर्षी कर कशावर घ्यायचा, मिळकतीवर की खरेदीवर? त्यांनी आपली बाजू मांडली. राणीसाहेबांनी आपली मांडली. महाराजांनी दोघांचंही नीट ऐकलं आणि दोघांचंही त्यांना पटलं. त्यांनी डोकं खाजवलं. या वेळी मात्र शेवटी ते स्वतः बोलले.

"कोणता कर बरा, ते मला अजून कळत नाही, दिवाणजी," ते म्हणाले. "रांग कुठून सुरू होते तेवढं कळलंय."

तात्पर्य: कर मिळकतीवर असो की खरेदीवर, मोठी माणसं आधी देत नाहीत तोवर त्याचा भार ज्याला कुठलीच पळवाट नाही त्याच्याच डोक्यावर पडतो.