अध्यक्षांच्या हातचं पाणी

सारंगगडच्या विधानभवनात हक्कभंग समितीची खोली आहे. भिंतीवरच्या पाटीवर आजवरच्या अध्यक्षांची नावं आहेत. पक्ष निराळे, स्वभाव निराळे. पण चौकशीला बोलावलेला माणूस आत आला, की अध्यक्ष स्वतः उठून त्याला पाण्याचा पेला देतात आणि मगच कामाला सुरुवात होते. नियमांत हे कुठंच लिहिलेलं नाही. भवन दाखवणारे म्हातारे सखोबा पाहुण्यांना इथं थांबवतात आणि पाटीवरच्या एका नावाकडे बोट करतात: रंगराव धायगुडे.

रंगराव बोलताना अडखळत. शाळेत पोरं नक्कल करत, तेव्हापासून ते मोजकंच बोलू लागले. सभागृहात त्यांच्या शब्दाला वजन आलं ते त्यामुळंच, असं सांगतात. ते समितीचे अध्यक्ष झाले त्याच साली पिंपळोशीच्या जत्रेत लहू खुडे नावाच्या सोंगाड्यानं वगात त्यांचं सोंग आणलं. "ठ-ठ-ठराव" म्हणत त्यानं सगळ्या गावाला हसवून लोळवलं. एका आमदारानं हक्कभंगाची तक्रार केली. सभासदाची टिंगल म्हणजे सभागृहाची टिंगल, लहूला तुरुंगात धाडा, असा समितीतल्या बहुतेकांचा आग्रह. रंगरावही आतून धुमसत होते. शाळेतली ती सगळी पोरं त्यांना या एका माणसात दिसत होती, म्हणे.

लहू आला. कुणीतरी दरडावलं, "नाव सांगा!"

"ल... ल..." शब्द घशातच अडकला. हा इथंही नक्कल करतोय असं वाटून काही सभासद खवळले, एक-दोघं फिसकन हसले.

रंगराव हसले नाहीत. लहूचे डोळे दाराकडे धावत होते, ओठ नुसतेच हलत होते. हे सोंग नव्हे, हे त्यांच्याइतकं कोण ओळखणार? मनातला राग कधी ओसरला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते उठले, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्याच्यापाशी गेले.

"पाणी प्या. सा... सावकाश बोला."

लहू गटागटा प्याला. मग म्हणाला, "चुकलं, साहेब. लोक हसत गेले, तसा मला चेव चढत गेला. घसा असा आवळतो, हे कुठं ठावं होतं?"

"आता ठ-ठावं झालं. झालं तर मग."

आणि सभासदांकडे वळून रंगराव म्हणाले, "अपमान माझा. मी तो सोडला. मी या खुर्चीवर आहे तोवर माझ्यासाठी कुणी त-तक्रार करायची नाही."

पुढच्या अध्यक्षांनीही हे व्रत पाळलं. त्यांतले एक भारी तापट. वर्तमानपत्रानं त्यांना गाढव म्हटलं, तरी दातओठ खात गप्प बसले, म्हणे.

लहूनं ते सोंग टाकलं नाही. रंगरावांनीच टाकू दिलं नाही, असं सांगतात. आजही पिंपळोशीच्या जत्रेत अध्यक्षांचं सोंग येतं आणि बोलता बोलता अडतं. तेव्हा ढोलकी थांबते, आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत सगळं गाव गप्प बसून राहतं.