चांदवेढ्याची आडवी कवाडं

चांदवेढ्याच्या वेशीला कवाडं नाहीत. म्हणजे आहेत, पण उभी नाहीत. दगडी कमान आहे, दोन्ही अंगांना पडका तट आहे, आणि कमानीतली ती दोन भलीमोठी सागवानी कवाडं समोरच्या ओढ्यावर आडवी टाकलेली आहेत. वरचे खिळे ठोकून सपाट केलेत. शिखराईच्या डोंगराला चालत जाणारे लोक चैत्रात याच कवाडांवर पाय देऊन गावात येतात. शेजारी एक बसका दगड आहे. आसपासचं गवत करपून गेलेलं असतं, तो मात्र ओलाचिंब. मला वाटलं, खाली झरा असेल. पुढं होऊन मी त्यावर बूड टेकलं, बूट काढले, तळव्यांचे फोड मोजले आणि उठले. कोणी काही बोललं नाही. नंतर कळलं, की टोकायला गावचं तिथं कोणी नव्हतंच, म्हणून.

देवीला मी काही नवस बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, चाला. माझी मैत्रीण वैजू म्हणाली, मग देवीलाच चालू, पुण्य आणि वजन दोन्ही बघता येईल. चौथ्या दिवशी वजन होतं तिथंच होतं, पुण्याचं माहीत नाही.

दुपारचं जेवण बाळकूनाना नाइकांकडं होतं. नाना अठ्ठ्याहत्तरचे. त्यांच्या घराण्याकडं पूर्वी वेशीचा पहारा असे. वैजू न्हाणीघरात शिरली ती बाहेरच येईना. मी जाऊन दारावर टकटक केली. घाईत होते, म्हणून जरा जोरातच.

नानांची सून रत्ना भाकरी थापत होती, तिचे हात परातीतच थांबले. आणि नाना खाटेवरून अगदी हळू, अदबीनं म्हणाले, "सांग बाई. काय सांगायचंय?"

मला वाटलं, मलाच विचारतायत. "काही नाही हो नाना, नंबर लावायचाय."

रत्नानं कपाळाला पीठ लावून घेतलं. "अहो ताई, तुम्ही होय! जीव गेला ना माझा!"

"का? काय झालं?"

"आमच्या गावात दार वाजवत नाहीत," नाना म्हणाले. "हाक मारतात. बेल पण नाही एका घराला. दार वाजवणारी इथं एकच आहे."

आतून वैजू ओरडली, "कोण आहे?" मी आहे, म्हटलं, लवकर आटप.

मग नानांनी सांगितलं. किती वर्षांपूर्वीचं, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्या पणज्याच्याही आधीचं, असं सांगतात.

त्या वर्षी पटकीची साथ आली होती. वरच्या गावांत माणसं सकाळी उलटी करायची आणि संध्याकाळी जायची. चांदवेढ्याला तट होता, वेस होती. कारभाऱ्यांनी ठरवलं, बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, मग ते देवीचं का असेना. वेशीवर धावजी नाईक होता. त्यानं कवाडं लावली, अडसर घातला आणि पाठ टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी शिखराईला निघालेली माणसं वेशीशी आली. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. आतल्यांनी दार उघडलं नाही. बाहेरून ओरडा सुरू झाला, पोरं रडायला लागली. ते आतल्या बायकांना ऐकवेना. काहींनी अडसराला हात घातला म्हणे. तेव्हा कारभाऱ्यांनी तटावर ढोल चढवले आणि सांगितलं, वाजवत राहा, थांबायचं नाही. म्हणजे ऐकूच यायला नको.

बाहेरची माणसं दिवसभर थांबली आणि डोंगराकडच्या आडवाटेनं निघून गेली. एक तेवढी मागं राहिली.

"ठकू," नाना म्हणाले. "धावजीची लेक. ओढ्याच्या वरच्या अंगाला पळसदऱ्यात दिली होती. घरात कोणी उरलं नव्हतं तिच्या. म्हणून त्या माणसांबरोबर माहेराला आलेली."

ढोलांत तिचा आवाज धावजीला येत नव्हता. पण पाठ कवाडाला होती, आणि पाठीत ठोके कळत होते. दोन, आणि थांबून एक. लहानपणी शेळ्या घेऊन यायला उशीर झाला, की ठकू असंच कवाड वाजवायची. धावजीनं ओळखलं. किल्ली त्याच्याच कमरेला होती.

त्यानं उघडलं नाही. एका लेकीपायी सगळं गाव मारायचं का, असं तो स्वतःशी म्हणत राहिला. ढोल वाजतच होते. ओढ्याचं पाणी पाटानं तटाखालून आत यायचं. उन्हात घसा सुकला, की तो त्यातलं ओंजळभर प्यायचा आणि पुन्हा पाठ टेकायचा.

इथं नाना उठले, न्हाणीघराच्या दाराशी गेले, आणि न वाजवता नुसता हात ठेवून दाखवला.

"पहिल्या दिवशी ठोका इथं पडत होता. बसलेल्या धावजीच्या डोक्याच्या वर. ती उभी होती ना." मग हात खाली आला. "दुसऱ्या दिवशी इथं. कमरेशी." मग नाना गुडघे धरून वाकले आणि हात पार जमिनीपाशी नेला. "तिसऱ्या दिवशी इथं."

वैजू ओले केस घेऊन दार उघडायला आणि नाना तिच्या पायाशी वाकलेले असायला एकच गाठ पडली. एरवी मी आठवडाभर हसले असते. तेव्हा हसू आलं नाही.

चौथ्या दिवशी उन्हं चढल्यावर ढोल थांबले. कोणी थांबवले नाहीत. वाजवणाराच तटावर ओकला आणि आडवा झाला. मागोमाग आळीत रडारड सुरू झाली, एका घरातून, मग शेजारच्या. साथ आत आलेलीच होती. कवाडं बंद असताना आली होती.

ढोल थांबले, तेव्हा धावजीला कवाडाच्या खालच्या फटीतून आवाज आला. ठकूचाच.

"आबा, दार उघडू नका. पाणी पिऊ नका."

आणि थोडं थांबून पुन्हा तेच. पळसदऱ्यात मेलेल्या माणसांची कापडं त्या ओढ्यात धुतली होती. तेच पाणी खाली येत होतं. ती आत घ्या म्हणत नव्हतीच. तीन दिवस एवढंच सांगत होती.

धावजीनं अडसर काढला. ठकू उंबऱ्याशी पडली होती, हात कवाडाला लागलेला. अंग थंड. तिला जाऊन एक रात्र तरी झाली होती, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

"मग आवाज?" वैजूनं विचारलं.

"तेच तर," नाना म्हणाले. "आणि पटकीनं नाही गेली ती. तहानेनं गेली. ओढा दोन हातांवर होता. त्या दगडाला टेकून बसायची. पण त्या पाण्याला तोंड लावलं नाही पोरीनं."

त्या दगडाला. मला माझे फोड आठवले.

धावजीनं पाट बुजवला आणि घराघरांत जाऊन सांगितलं. ज्यांनी ऐकलं ती माणसं जगली. पण गावातली दारं वाजायला लागली म्हणे. भरदिवसा, अगदी खाली, जमिनीलगत. दोन, आणि थांबून एक. उघडलं तर कोणी नाही. शेवटी धावजीनंच आपल्या दारापुढं बसून विचारलं, "सांग बाई, काय सांगायचंय?" तेव्हा ते थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वेशीची कवाडं उतरवली आणि ओढ्यावर टाकली. या गावाला दार नको आणि ढोलही नको, म्हणाला. चालत जाणारे आजही वेशीजवळ ढोल-ताशा काखेत धरून मुक्यानं जातात.

"पण मधूनमधून अजून वाजतं," रत्ना म्हणाली. "सासूबाई होत्या तेव्हा वाजलं. विचारलं, सगळे बाहेर आले, आणि मागची भिंत बसली. म्हणून भीती हो. वाजलं म्हणजे काहीतरी असतंच."

उन्हं कलल्यावर नाना आम्हाला परत वेशीपाशी घेऊन गेले. पाणी घालायचं राहिलं होतं ना. प्रत्येकानं आपल्याजवळचं घोटभर पाणी ठकूच्या दगडावर घालायचं, ही रीत. कवाडावर उभी राहूनच मी मनातल्या मनात दगडाची माफी मागितली आणि पिशवीतून बाटली काढली. बूच उघडलं, बाटली कलती केली.

टक टक. मग एक.

पायाखालून. कवाडाच्या खालच्या कडेकडून.

मी वैजूकडं बघितलं. ती काठावर उभी होती, दोन्ही हातांत चपला. नाना माझ्या बाटलीकडं बघत होते.

"ताई, पाणी कुठलं?"

"सकाळी भरलंय. वर, पळसदऱ्यापाशी. ओढ्याचं." मी बाटली उजेडात धरली. "स्वच्छ दिसत होतं."

नानांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि लांब मातीत ओतली. मग आपला तांब्या माझ्या हाती दिला. "हे घाला. ते नको तिला." मी घातलं. अर्धं दगडावर, अर्धं माझ्याच बुटांवर.

"प्यायलात का त्यातलं?"

"दोन घोट."

नाना कवाडाशी वाकले आणि म्हणाले, "कळलं गं बाई."

ओढ्यात काहीतरी वाहत आलं असेल, फळीला लागलं असेल, असं वैजू सगळी वाट सांगत होती. मी हो म्हणत होते आणि पोटावर हात ठेवून चालत होते. डोंगर चढले, देवी बघितली, तिच्यापुढं फक्त पोटाविषयी बोलले. काही झालं नाही. घरी येऊन तपासण्यासुद्धा केल्या. डॉक्टर म्हणाले, उलट वजन दीड किलो उतरलंय. कशानं उतरलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

आजही चैत्रात तुम्ही चांदवेढ्याला गेलात, तर ओढ्यावर ती कवाडं आडवी दिसतील आणि शेजारचा दगड ओला असेल. त्यावर बसू नका. आणि आजही माझ्या घराचं दार कोणी वाजवलं, दूधवाला असो, कुरियरवाला असो, तर मी कोण आहे ते विचारत नाही. आवाज किती खालून आला, ते आधी ऐकते.